अळूच्या पानाचा पाठ

त्या वर्षी मी सतत दमलेली असे. एकोणिसाव्या वर्षी माणसाला दमायला काय झालं, असं बाबा फोनवर विचारायचे तेव्हा. बाबा बँकेत होते. त्यांच्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून थेट बंगालात, बेहाला नावाच्या वस्तीत येऊन पडलो होतो, आणि इथल्या गल्ल्या ओळखीच्या व्हायला लागल्या तोवर त्यांची बदली पाटण्याला झाली. माझं कॉलेज मध्येच तुटायला नको म्हणून आई आणि मी मागे राहिलो. बाबा महिन्यातून एकदा यायचे, दोन दिवस झोपायचे, आईच्या हातची भाकरी खायचे आणि जायचे. मागे राहण्याचं खरं कारण माझं कॉलेज नव्हतं, आईची शाळा होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरात ते कुणी उच्चारत नसे.

शाळा म्हणजे आमच्याच घराच्या पुढच्या दोन खोल्या. तळमजल्यावरचं घर, पुढे हात-दोन हात ओटा, मागे स्वयंपाकघर आणि एक अरुंद खोली, तिच्यामागे मोरी आणि गटाराला लागून जरा मोकळी जागा. आम्ही झोपायचो पुढच्या खोलीत, त्यामुळे रोज साडेसहाला गाद्या गुंडाळून मागे न्यायच्या, फरशी पुसायची, चटया घालायच्या, भिंतीवरचा बाबांच्या शर्टांचा हँगर काढून तिथे ऋतूंची चित्रं लावायची. साडेआठला आमचं घर शाळा व्हायचं आणि साडेअकराला परत घर. मधल्या तीन तासांत तीन ते पाच वर्षांची बावीस मुलं आमच्या झोपायच्या जागेवर नाचायची, मुतायची, रडायची. कोपऱ्यावर मिनीबसचा कंडक्टर दार बडवत गावांची नावं ओरडायचा, हातपंपाचा दांडा करकरायचा, आणि या सगळ्यातून आईचा आवाज मात्र कधी चढायचा नाही. तिला चढवायची गरज पडायची नाही. ती हळू बोलली की मुलं जवळ यायची.

लग्नाआधी तिने बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं आणि त्यातलं एकच वाक्य तिच्या लक्षात राहिलं असावं, असं मला वाटायचं: सांगू नका, हातात द्या. फळा तिने घेतलाच नव्हता. बी म्हणजे काय हे सांगायचं तर ओल्या फडक्यात बांधलेली मटकी प्रत्येकाच्या तळहातावर. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडचे मातीचे वापरलेले पेले आम्ही गोळा करून आणायचो, धुवायचो, तळाला भोक पाडायचो आणि त्यांत मुलं धने पेरायची. हवा शिकवायची तर खिडकीच्या गजाला कागदाच्या पट्ट्या. ऊन शिकवायचं तर दोन ओले रुमाल, एक गच्चीवर आणि एक मोरीत, आणि कुठला आधी वाळतो ते बघायला दर दहा मिनिटांनी बावीस जणांची जिन्यावरून वरात. किटलीच्या वाफेवर गार ताटली धरून तिने मुलांना ढग करून दाखवला होता, तेव्हा मुलं ताटलीखाली तोंड उघडून उभी राहिली होती, पाऊस प्यायला.

हे वाचायला गोड वाटतं. करायला वाटत नसे. ते पेले मीच धुवायची. चिखलाचे हात, चिखलाच्या भिंती, भिजलेल्या पट्ट्या, सांडलेली मटकी मीच निस्तरायची. आईला मदत करणारी बाई लग्न होऊन बराकपूरला गेली, तेव्हा आई म्हणाली होती, “दोन महिने सांभाळून घे, मग बघू.” तिची पाठ धरलेली असायची, वाकता यायचं नाही. त्या दोन महिन्यांना सहा महिने झाले होते. साडेअकराला शेवटचं मूल गेलं की मी सकाळची फोडणीची पोळी उभ्याउभ्या तोंडात कोंबायची आणि बस धरून कॉलेजला पळायची. तिथे मागच्या बाकावर मला झोप लागायची. नखांतली माती तिथेच काढायची.

आमच्याकडे आणखी एक माणूस होतं, शेफाली माशी. माशी म्हणजे मावशी. नाशिकच्या आत्याला हे सांगितलं की ती हसून लोळायची. शेफाली माशी बजबजहून लोकलने यायची, पुढे बसने, आणि येताना पदराला कुरमुरे बांधून आणायची. मुलांना शू करायला नेणं, पुसणं, दारात बसून राखण करणं ही तिची कामं. आईला ती दिदिमणी, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणायची आणि मला नुसतं माधोबी. माधवी कुणालाच म्हणता यायचं नाही. मुलांसाठी मी माधोबी-मिस होते.

आता मी त्या वेळच्या आईपेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे. शाळा दुसरी एक मुलगी चालवते, मी आठवड्यातून दोनदा जाऊन बसते. परवा बाहेर धो-धो कोसळत होतं आणि एक चार वर्षांचा मुलगा मला ठामपणे म्हणाला, “आज ऊन आहे, बाबाच्या मोबाईलमध्ये आहे.” मी त्याला खिडकीशी नेलं. गजातून हात बाहेर काढायला सांगितला. त्याने काढला, ओला हात बघितला, आणि माझ्या साडीला पुसला. पूर्वी मला याची गंमत वाटली असती. आता वाटतं, चला, एकाचं झालं.

श्रावणातली गोष्ट. बेहालात पावसाचं पाणी गल्लीत यायचं ते पाहुण्यासारखं राहूनच जायचं. तो पाऊस लागून आठवा-नववा दिवस असेल. आमच्या भिंतीवर एक पाटी होती, तिच्यावर मुलं रोज सकाळी आजच्या हवेचं चित्र लावायची; ढगाचं चित्र रोज लावून लावून त्याचा कोपरा फाटला होता. त्या दिवशी गल्लीत पोटरीभर पाणी होतं, त्यामुळे नऊच मुलं आली. वडिलांच्या खांद्यावरून, रिक्षातून, एक तर आजीच्या काखेत. ती मिठू. चार वर्षांची, कुरळ्या केसांची, सतत काहीतरी चघळणारी. तिची आजी, ठाकुमा, तिला ओट्यावर ठेवून साडी पिळून गेली. आईची पाठ त्या सकाळी इतकी दुखत होती की प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, “अर्धा तास पडते. तू चित्रं रंगवून घे त्यांच्याकडून.”

मला चित्रं रंगवून घ्यायची नव्हती. आठ दिवस मुलं ढगच रंगवत होती. मला वाटलं, आज काहीतरी आपलं करावं. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाटलं. मी मागच्या दाराने गेले आणि पेरूची, जास्वंदीची, केळीची पानं तोडून आणली, आणि गटाराकडेला माजलेल्या अळूची चार मोठी पानं. आईचा एक नियम होता, अळू वर्गात आणायचं नाही. रानटी अळू, खाजरं, कुणी तोंडात घातलं तर? मला नियम पाठ होता. पण कुठलं पान पाणी पितं आणि कुठलं पाणी झटकतं हे दाखवायचं, तर अळूसारखं दुसरं पान नाही. मी तोडताना मनात म्हटलं, मी समोर आहे ना.

आणि काय सांगू, मुलं वेडी झाली. पेरूच्या पानावर पाणी पसरलं, जास्वंदीवर पसरलं. अळूच्या पानावर मी चमच्याने पाणी सोडलं आणि त्याची गोल, चकचकीत गोळी झाली. पान तिरपं केलं की गोळी पळायची, दोन गोळ्या भेटल्या की एक व्हायची, आणि पान खाली कोरडं ते कोरडंच. नऊ डोकी एकमेकांवर आपटत होती. मिठू ओरडली, “जल पालाच्छे!” पाणी पळतंय! त्या सहा महिन्यांत मी प्रथमच घड्याळाकडे बघायची विसरले.

एवढ्यात दारातून शेफाली माशीची हाक आली. ओट्यावरून पाणी आत येत होतं. पुढच्या खोलीत चटया होत्या, खेळण्यांचं खोकं होतं, आईची चित्रांची पेटी जमिनीवर होती. मी धावले. पेटी उचलली, खोकं खुर्चीवर ठेवलं, माशीबरोबर उंबऱ्याशी गोणपाट कोंबलं. दोन मिनिटं. फार तर तीन.

किंचाळी ऐकू आली ती मला अजून ओळखता येते. वर्गातून रडणं रोजच ऐकू यायचं. ही त्यातली नव्हती. मिठू उभी होती, दोन्ही हातांनी जीभ ओढत होती, हनुवटीवरून लाळ गळत होती. तिच्या पुढ्यातल्या अळूच्या पानाचा एक लचका गेला होता. तिच्या घरी अळूची, म्हणजे कोचूची, भाजी आठवड्यातून दोनदा व्हायची; आवडीची भाजी समजून तिने ते चावलं होतं. बघता बघता तिचे ओठ सुजले. मी तिला धरलं, पाणी दिलं, ती ते थुंकली, आणि मला पुढे काय करायचं ते काहीच सुचेना. मी नुसतं “आई” म्हणून ओरडले. लहान मुलासारखी.

आई आली ती वाकलेलीच आली. तिने बोटाला फडकं गुंडाळून मिठूच्या तोंडातला पाला काढला, पानाकडे एकदा बघितलं. शेफाली माशी तोवर स्वयंपाकघरातून चिंच आणि बाटलीतलं गार दूध घेऊन आली होती. चिंच आईने बाजूला सारली, दूध चमच्याने पाजलं, आणि मग त्या बाईने, जिला सकाळी गादी गुंडाळता येत नव्हती, मिठूला उचलून कडेवर घेतलं आणि ती अनवाणी पाण्यात उतरली. डॉक्टर मोठ्या रस्त्यावर होते. माशी पुढे काठीने खड्डे चाचपत, मागे आई. जाताना ती मला एवढंच म्हणाली, “तू हलू नकोस. आठ आहेत.”

मी हलले नाही. दाराला कडी घातली, उरलेली पानं पिशवीत भरून उंच फळीवर ठेवली, सगळ्यांचे हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. एकीने विचारलं, मिठू मरणार का? मी नाही म्हणाले आणि माझा माझ्यावर विश्वास बसला नाही. मग त्यांना चित्रं रंगवायला दिली. ती ढग रंगवत बसली. दीड तास मी दर थोड्या वेळाने त्यांची डोकी मोजत होते. आठ, आठ, आठ. त्यानंतर आयुष्यभर मी दमले असेन, पण त्या दीड तासाइतकी कधीच नाही.

श्वास मोकळा होता, सूज संध्याकाळपर्यंत उतरेल, दोन दिवस मऊ भात द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी मिठूचे वडील आणि ठाकुमा आमच्या ओट्यावर आले. वडील उंच, घाबरून गेलेले, आणि घाबरलेली माणसं ओरडतात तसे ओरडत होते. आई खुर्चीचा आधार धरून उभी होती. ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “मेरे हाथ से हुआ. गलती मेरी है.” मी पडद्यामागे होते. वडील म्हणाले, “बाहेरून येता, शाळा काढता, आणि आमच्याकडचं कोचूचं पान तुम्हाला ओळखता येत नाही?” माझी आई, जी पानाच्या देठावरून अळू खाजेल की नाही ते सांगायची, जिच्या अळूवड्या खायला बाबा पाटण्याहून यायचे, ती मान खाली घालून म्हणाली, “नाही ओळखता आलं.” मी पडदा बाजूला करायला हवा होता. हात पडद्याला होता. केला नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, “आई, तू खोटं का बोललीस?”

ती पालथी पडली होती. म्हणाली, “मला आता बोलायला लावू नकोस. पिशवी गरम करून आण.”

मी रबरी पिशवी गरम पाण्याने भरून तिच्या कमरेवर ठेवली. तिने डोळे मिटले. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कधीच ओरडली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. बावीसपैकी अकरा मुलं त्या आठवड्यात यायची बंद झाली. बाबांनी फोनवर सांगितलं, आता पुरे, दोघी इकडे या. आई म्हणाली, बघते. सकाळी साडेसहाला तिने मला गाद्या गुंडाळायला उठवलं.

दहा-बारा दिवस मी ते अंगावर घेऊन वावरले. जेवण जात नव्हतं. गल्लीतलं पाणी ओसरलं होतं, भिंतींना ओलीची रेघ राहिली होती. एका दुपारी कॉलेजची बस सोडून दिली आणि मिठूच्या घरी गेले. दोन गल्ल्या पलीकडे, हिरव्या जाळीचं दार. ठाकुमा अंगणात विळीवर भोपळा चिरत होती. मी उभ्या उभ्याच, माझ्या त्या फुटक्या बंगालीत, सांगून टाकलं. पानं मी आणली होती. आई झोपली होती. नको म्हटलेलं असताना आणली, आणि मुलांना सोडून बाहेर मीच गेले.

ठाकुमाने विळी बाजूला केली. “हे मला त्याच दिवशी कळलं,” ती म्हणाली. “मिठूने सांगितलं. माधोबी-मिसने पान दिलं, पाणी पळवलं, आंटी झोपल्या होत्या. तिची जीभ सुजली होती, बोलणं थांबलं नव्हतं.”

“मग तुम्ही...”

“मुलाला सांगितलं. तो म्हणाला, शाळा कुणाची? तिची ना? मग झालं.” तिने विळी परत पुढे ओढली. “तुझी आई रोज येते, ठाऊक आहे तुला? दुपारी, तू गेल्यावर. मुलगा घरी असला तर दार उघडत नाही. ती पायरीवर उभी राहून विचारते, मिठूने काय खाल्लं, आणि जाते. एकदा मी तिला म्हटलं, लेकीसाठी का अंगावर घेतेस? तर म्हणाली, लेकीसाठी नाही. वर्ग माझा आहे, वर्गात जे होतं ते माझ्याच हातून होतं.”

मी इतके दिवस समजत होते की आईने मला वाचवायला खोटं सांगितलं. ते तिच्या लेखी खोटं नव्हतंच. त्यात माझा संबंधच नव्हता. मला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. उलट वाटलं की आता या कामातून मला सहज सुटता यायचं नाही, कारण ते काय असतं हे मला कळलं होतं.

आतून मिठू आली. मला बघून खांबामागे गेली. मी म्हटलं, “मिठू, चूक माझी होती. सॉरी.” तिने खांबामागून डोकं काढलं, विचार केला, आणि पुरती बाहेर काढून मला जीभ दाखवली. गुलाबी, ठीकठाक. ठाकुमा म्हणाली, “बघ, बरी आहे.” मग निघताना तिने मला सांगितलं, “मिठू परत येणार नाही, माझा मुलगा ऐकायचा नाही. पण आईला सांग, रोज यायला नको. तिची पाठ मला बघवत नाही.” मिठू खरंच परत आली नाही. पुढे त्यांनी घरही बदललं.

आईला मी घरी येऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “बरं केलंस,” म्हणाली. ताटातले दोन खडे काढले. “उद्या पानांचा पाठ तू परत घे.”

“मी नाही घेणार.”

“मग कोण? मला वाकता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी ती भिंतीशी खुर्ची टाकून बसली. अकरा मुलं चटईवर. मी पेरूची, जास्वंदीची, केळीची पानं आणली होती आणि एका बंद काचेच्या बरणीत अळूचं एक पान, आईनेच ठेवायला सांगितलं होतं. मी चमच्याने पानांवर पाणी सोडलं. पाणी सांडलं ते बहुतेक माझ्या मांडीवर. मुलं बरणीकडेच बघत होती. शेवटी एका मुलाने विचारलं, “मिस, हेच मिठूने खाल्लं?”

मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती मुलांकडे बघत होती, मोजत असावी.

“हेच,” मी म्हटलं. “खाल्लं की तोंडात हजार काटे टोचल्यासारखं होतं. हे शिजवायचं असतं, मोठ्यांनी, ओळखून. ते मी इथे आणलं आणि तुम्हाला सोडून बाहेर गेले. आणायला नको होतं, आणि जायला नको होतं.”

मुलांनी हे ऐकून घेतलं. त्यांना त्यात फारसं नवल वाटलं नाही.

“मिठूला सॉरी म्हटलंस?” एकीने विचारलं.

“म्हटलं.”

“मग ती काय म्हणाली?”

“तिने मला जीभ दाखवली.”

आधी एक हसला, मग सगळी हसली, आणि मग अकराच्या अकरा मुलांनी माझ्यासमोर जिभा बाहेर काढल्या. मी गुडघ्यांवर सरकत एकेकाकडे गेले आणि प्रत्येक जीभ नीट पाहिली, अगदी मागपर्यंत. मग उठले आणि हात धुवायला रांग लावली.